सूचक : जनता

सभा सुरू करण्याआधी गणपूर्ती बघावी लागते, म्हणून मी डोकी मोजत होते. सतरापैकी सोळा सदस्य हजर होते, एक जण लग्नाला गेला होता. नगराध्यक्ष कापसेभाऊ माझ्याकडे पाठ करून तिपाईवर मोबाईल बसवत होते.

“पोफळेबाई, किती भरले?”

“सोळा.”

“माझ्याकडे आठशे दहा. थांबा जरा, हजार होऊ द्या, मग सुरू करू.”

आणि आम्ही थांबलो. निवडून आलेली सोळा माणसं, एक मुख्याधिकारी, तीन खातेप्रमुख आणि मी, एका मोबाईलमध्ये माणसं भरायची वाट बघत बसलो. पाणीपुरवठा सभापतींनी तेवढ्यात केस विंचरून घेतले.

सावळघाट नगरपरिषदेत मी तेव्हा सभा लिपिक होते. सभेत कोण काय बोललं ते टिपायचं आणि त्याचं इतिवृत्त लिहून वहीत कायम करायचं, एवढंच माझं काम. ते मी तोवर बावीस वर्षं केलं होतं. इतिवृत्तात बोलणाऱ्यांची नोंद होते, गप्प बसणाऱ्यांची होत नाही. ती मी डोक्यात ठेवायचे. कोण कुठल्या विषयाला लघवीला उठतो, कोण नेमका मतदानाच्या वेळी फोनवर बोलत बाहेर जातो, हे मला पाठ होतं. माणसं ओळखण्यात आपल्याला कुणी हरवणार नाही, असा माझा समज होता.

कापसेभाऊंचा फ्लेक्स छापायचा धंदा. गावात कुणाचा वाढदिवस कधी आणि कुणाला किती फुटी फोटो लागतो, याची माहिती त्यांच्याइतकी कुणाकडे नव्हती. थेट जनतेतून निवडून आले आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळी नऊला लाइव्ह यायला लागले. ‘नमस्कार मालक’ अशी सुरुवात. मालक म्हणजे बघणारे. पहिल्याच महिन्यात आमच्या पेठेतल्या सुतार आळीतली सहा महिने तुंबलेली गटार त्यांनी लाइव्हमध्ये दाखवली आणि दुपारपर्यंत ती मोकळी झाली. मीही अंगठा दिला होता, खोटं कशाला सांगू. पुढे त्यांनी जन्मदाखल्याच्या टेबलावरच्या कारकुनाला कॅमेऱ्यासमोर उभं करून फैलावर घेतलं. तो माणूस आम्हा कुणालाच आवडत नव्हता, त्यामुळे कचेरीत चहाबरोबर तो व्हिडिओ आम्ही तीनदा बघितला. यानंतर नंबर कुणाचा, असं कुणीच विचारलं नाही.

नंबर दगडू खंदारे यांचा लागला.

खंदारे आमचे वॉलमन, म्हणजे गावाला पाणी सोडणारा माणूस. लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून सायकलवरून फिरायचे आणि रस्त्याकडेच्या खड्ड्यात वाकून एकेका भागाचा वॉल उघडायचे. अठ्ठावीस वर्षं नोकरी झालेली, निवृत्तीला चौदा महिने उरलेले. पेठेतल्या कुणीतरी मोबाईलवर घड्याळ धरून व्हिडिओ काढला होता. पेठेला पाणी पाऊण तास, वर टेकडीला दोन तास. खाली लिहिलं होतं, ‘वॉलमन टेकडीचा जावई आहे काय?’ तीन दिवसांत गावभर तेच. भाऊंनी त्याला घोषणा जोडली, ‘एक गाव, एक वेळ’. फ्लेक्सही लागले. छापले कुठे ते सांगायला नको.

त्या दिवशीच्या सभेत विषय क्रमांक सात तोच होता. खंदारे यांना सेवेतून कमी करणे.

पहिले सहा विषय भाऊंनी दहा मिनिटांत उडवले. सातव्याला खंदाऱ्यांना आत बोलावलं. त्यांनी चावी दाराबाहेर भिंतीला टेकवून ठेवली, चपला काढल्या आणि आले. भाऊंनी विचारलं, पगार कोण देतं? नगरपरिषद, असं खंदारे म्हणाले.

“चूक. पगार जनता देते. ही बघा जनता.” भाऊंनी तिपाई त्यांच्याकडे वळवली.

खंदाऱ्यांनी मोबाईलला हात जोडून नमस्कार केला.

तिकडे काय हसू उसळलं असेल, ते पडद्यावर वर सरकणाऱ्या पिवळ्या तोंडांवरून कळत होतं. आमच्यातलेही दोघे-तिघे हसले. मी मान खाली घालून लिहीत होते.

भाऊ म्हणाले, टेकडीला दोन तास का, ते मालकांना सांगा. खंदाऱ्यांनी एकदा मोबाईलकडे आणि एकदा भाऊंकडे बघितलं. कुणाकडे बघून बोलायचं ते त्यांना समजेना. शेवटी ते माझ्याकडे बघून बोलले. मी लिहिते, हे त्यांना माहीत होतं म्हणून असेल.

“बाई, पेठ खाली हाय. तिथं पाऊण तासात घराला वीस हंडे भरत्यात. टेकडी म्हंजे टाकीच्या बरोबरीला आली, तिथं नळाला करंगळीएवढी धार. दोन तास सोडलं तर बारा हंडे, तेबी कसंबसं. मी घड्याळ बघत न्हाई. हंडे बघतो. शेवटच्या घरापस्तोर चालत जाऊन बघतो आन् मग वॉल बंद करतो. माझं सोताचं घर पेठेत हाय.”

इतकं साधं होतं ते. बांधकाम सभापती मान डोलवायला लागले होते, मी पाहिलं. मग त्यांना मोबाईल दिसला आणि त्यांनी मान खाजवली.

“भूगोल राहू द्या,” भाऊ म्हणाले. “टेकडीला दोन तास देता, हो का नाही?”

“देतो, पण—”

“ऐकलंत मालक? कबूल केलं.”

मुख्याधिकारी धर्माळे यांची ही पहिलीच नेमणूक होती. त्यांनी घसा साफ केला आणि कायम कर्मचारी असल्यामुळे आधी विभागीय चौकशी करावी लागेल, असं हळूच सुचवलं. भाऊंनी मोबाईलमधला आकडा वाचून दाखवला.

“साहेब, चार हजार माणसं आत्ता चौकशीला बसलीत. तुमचा एक चौकशी अधिकारी मोठा का ही?”

धर्माळे भाऊंकडे न बघता कॅमेऱ्याकडे बघून हसले. फोटोत हसतात तसे.

बोलल्या फक्त यमुनाबाई लोखंडे. टेकडीच्या नगरसेविका. चार वर्षांत सभागृहात त्यांचं तोंड मी चहापुरतं उघडलेलं पाहिलं होतं. त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, एकदा टेकडीवर या आणि नळाखाली हात धरून बघा. वाक्य पुरं व्हायच्या आत भाऊंनी पडद्यावरची एक ओळ वाचली.

“मालक विचारतायत ताई, तुमच्या घरी दोन टाक्या आहेत म्हणे?”

“टाक्या हायत. पाणी न्हाई.”

“म्हणजे आहेत.”

पुन्हा पिवळी तोंडं. कुणी त्यांना टेकडीची राणी म्हटलं, कुणी त्यांच्या दातांवर घसरलं, आणि भाऊ एकेक ओळ हसत, ‘मी नाही, मालक म्हणतायत’ असं सांगत वाचत होते. यमुनाबाईंच्या हातातला मोबाईल थरथरला. त्या माझ्या टेबलाला लागून बसायच्या, म्हणून मला दिसलं. नवऱ्याचा निरोप होता. ‘खाली बस.’ त्या बसल्या.

मग भाऊंनी मोबाईलसमोर उभं राहून सांगितलं की, खंदाऱ्यांना कमी करायचं आणि उद्यापासून सगळ्या गावाला पाऊण पाऊण तास पाणी द्यायचं, हे ज्यांना मान्य त्यांनी अंगठा द्या. सभागृहात एकाही सदस्याचा हात वर झाला नाही. सोळांपैकी अकरा जण आपापल्या मोबाईलवर अंगठा देत होते. बावीस वर्षांत असं मतदान मी पाहिलं नव्हतं. समोर बसलेला माणूस भिंतीपलीकडे जाऊन मत देऊन येत होता, कारण तिकडे ते मतदारांना दिसणार होतं.

चार हजार तीनशे बारा अंगठे झाले. भाऊंनी तो आकडा मला लिहून घ्यायला सांगितलं.

“सूचक कोण? अनुमोदक कोण?” मी विचारलं. ठराव म्हटला की ही दोन नावं लागतात. एकाने मांडायचा, दुसऱ्याने पाठिंबा द्यायचा.

आता मात्र अकरांपैकी एकही मान वर करेना. कागदावर नाव आलं तर उद्या कोर्टात जावं लागेल, हे त्यांना बरोबर कळत होतं. मोबाईलवर शूर झालेली सगळी माणसं पंख्याकडे बघत होती. भाऊंनी पाच-सहा सेकंद वाट पाहिली. त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर घाम दिसला तो तेवढाच. मग ते हसले.

“लिहा बाई. सूचक, जनता. अनुमोदक, जनता.”

मी एकदा धर्माळेसाहेबांकडे बघितलं. त्यांनी लिहा अशी खूण केली.

मी लिहिलं. दुपारी स्वच्छ प्रत काढायला बसले तेव्हा माझी कळी खुललेली होती. हा ठराव म्हणजे स्वतःच्या पायाने फासावर चढलेला ठराव होता. सदस्यांचं मतदान नाही, चौकशी नाही, सूचक जनता. जिल्ह्याच्या कचेरीतला कुठलाही अधिकारी पहिल्या ओळीला चष्मा काढील आणि दुसऱ्या ओळीला ठराव रद्द करील. मला कुणाशी भांडायची गरजच नव्हती. सांगितलं तसं फक्त तंतोतंत लिहायचं. भाऊंच्या हातांनी भाऊंचा खड्डा, आणि माझा हात स्वच्छ. मी सात ओळींत इतिवृत्त संपवलं. एकही जादा शब्द नाही.

जाताना खंदारे व्हरांड्यात भेटले. त्यांची चावी जमा करून घेतली होती, त्यामुळे रिकामा खांदा सारखा चोळत होते. मी म्हटलं, मामा, काळजी करू नका, महिनाभरात तुम्ही परत कामावर असाल, मी लिहिलंय तसं. ते म्हणाले, तुम्ही लिहिलंय म्हंजे झालं.

दुसऱ्या दिवसापासून एक गाव, एक वेळ. नवीन वॉलमन घड्याळ लावून आला. पेठेत आमच्याकडे पाणी धो धो आलं, कारण टेकडीचं वाचलेलं सव्वा तासाचं पाणी टाकीत साठून जोराने खालीच उतरत होतं. माझे हंडे, पिंप, बादल्या सगळं भरून गेलं तरी नळ चालू होता, म्हणून मी जिना धुतला. शेजारणीने रस्ता धुतला. वर टेकडीवर पहिली पंधरा मिनिटं नळातून नुसती हवा यायची आणि उरलेल्या अर्ध्या तासात तीन हंडे. तरीही टेकडीवरचे काही जण लाइव्हखाली ‘समान न्याय’ असं लिहीत होते. त्यांना ते खरंच न्यायाचं वाटत होतं की वर राहून वेगळं बोलायची भीती वाटत होती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आणि माझा हुशारीचा कागद? सभेनंतर चौथ्या दिवशी भाऊ माझ्या टेबलाशी आले, वही उघडायला लावली आणि त्या पानाचा फोटो काढला. संध्याकाळी तो फोटो माझ्याच मोबाईलवर सात ठिकाणांहून आला. ‘सूचक जनता, अनुमोदक जनता. याला म्हणतात लोकशाही.’ कुणी त्याला तिरंगी चौकट केली होती, कुणी ढोल-ताशाचा आवाज लावला होता. वरच्या कुठल्यातरी पुढाऱ्याने भाषणात त्याचा उल्लेख केला. तीन नगरपरिषदांनी आमच्याकडे पत्र पाठवून ठरावाचा नमुना मागवला, आणि त्या पत्रांना उत्तरं मीच दिली. नऊच्या लाइव्हमध्ये भाऊंनी माझाही फोटो दाखवला. ‘ह्या आमच्या पोफळेबाई. ह्यांनी एक शब्द इकडचा तिकडे केला नाही.’ आळीतल्या बायकांनी मला पेढे दिले. मी ते खाल्ले.

महिना झाला, दीड महिना झाला, ठराव रद्द होऊन येईना. जिल्ह्याच्या कचेरीत माझ्या ओळखीचे एक अवल कारकून होते, त्यांना फोन केला. ते हळू आवाजात बोलले. फाईल साहेबांच्या टेबलावर आहे, साहेबांनी वाचली आहे, वाचून हसलेही.

“मग?”

“मग काय बाई. साहेब म्हणाले, जनतेचा ठराव रद्द करणारा पहिला अधिकारी म्हणून माझा फोटो फिरवायचाय का तुम्हाला? खंदाऱ्याने अपील केलंय ना, त्यात बघू म्हणाले.”

मला इतका संताप आला की रिसीव्हर आपटला. कुणाचा संताप, असं तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी कापसेभाऊंचं नाव घेतलं असतं. मग त्या साहेबांचं. मग अकरा अंगठेवाल्यांचं. माझ्याजवळ यादी तयार होती.

अपिलाची सुनावणी चार दिवसांवर आली तेव्हा खंदारे इतिवृत्ताची नक्कल न्यायला माझ्याकडे आले. दुपारची वेळ, टेबलासमोर गर्दी नव्हती. धुतलेला शर्ट घालून आले होते. मी नक्कल दिली. चौथीपर्यंत शिकलेला माणूस, एकेका शब्दावर बोट ठेवून त्यांनी सात ओळी वाचल्या. मग पान उलटून मागे बघितलं. मागे कोरं होतं.

“बाई, ह्यात माझं बोलणं कुटं हाय?”

मी समजावून सांगितलं. म्हटलं, मामा, ते मी मुद्दामच घेतलं नाही. तुमचं म्हणणं लिहिलं असतं तर त्यांना सांगता आलं असतं की कर्मचाऱ्याचं म्हणणं ऐकून घेऊन मगच निर्णय केला. म्हणजे ठराव पक्का झाला असता. तुमचं म्हणणं ऐकलंच नाही असं कागदावर दिसलं की ठराव कच्चा पडतो. कायद्याची खुबी आहे ती.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. माझ्या हुशारीचं कौतुक करतील असं मला वाटलं होतं की काय, कोण जाणे.

“पन मी बोललो व्हतो,” ते म्हणाले. “तुमच्याकडं बघूनच बोललो व्हतो.”

लाइव्हचा व्हिडिओ आता फक्त ‘देतो’ या शब्दापासून होता. त्याआधीचं सगळं कापलेलं. खंदाऱ्यांनी ते शोधायला मुलीला सांगितलं होतं, सापडलं नव्हतं. ‘हंडे बघतो’ हे शब्द या जगात कुठे असायला हवे होते, तर माझ्या वहीत. त्यांनी खिशातून एक कोरा कागद काढून टेबलावर ठेवला आणि घडी सरळ केली.

“तुमी नुस्तं एवढं ल्हून द्या की मी त्या दिवशी काय बोललो. खाली सही करा. साहेब तुमचं मानत्याल. तुमचा फोटू समद्यांनी बघितलाय.”

ते खरं होतं. त्या महिन्यात त्या जिल्ह्यात कुणाची सही मानली गेली असती तर ती माझी. आणि म्हणूनच सही केल्यावर नऊच्या लाइव्हमध्ये काय होईल, तेही मला ऐकू येत होतं. ‘मालक, ही बघा तुमची पोफळेबाई.’ यमुनाबाईंचे तोवर काय हाल झाले होते ते मी बघत होते. तीन वाक्यं बोलल्या होत्या. त्यांचा चेहरा हंड्याच्या फोटोवर चिकटवून मोबाईलवर फिरवला गेला, मुलीने कॉलेज सोडलं, आणि त्या सभेला यायच्या बंद झाल्या. मला अकरा वर्षं नोकरी उरली होती. भावाची मुलगी माझ्याकडे शिकायला होती. अशी कारणं मी त्या एका मिनिटात भराभर गोळा केली. सगळी खरी होती.

“मामा, आज जरा काम आहे. उद्या देते लिहून,” मी म्हणाले.

“उद्या सकाळी येतो.”

ते कागद टेबलावरच ठेवून गेले.

दुसऱ्या दिवशी मी रजेचा अर्ज पाठवला. ताप आणि अंगदुखी. आठ दिवस. कचेरीतल्या बाकावर खंदारे बसून असतात, असं शिपाई अंबादासने फोनवर सांगितलं. पहिल्या दिवशी कचेरी बंद होईपर्यंत. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बसले, मग त्यांना सुनावणीची गाडी पकडायची होती.

निकाल यायला पंधरा दिवस लागले. कचेरीच्या टपालातून तो पहिल्यांदा माझ्याच हातात आला. दोन पानं होती. मी शेवटचा परिच्छेद आधी वाचला. ‘नगरपरिषदेने सादर केलेल्या इतिवृत्ताचे अवलोकन केले असता, अपिलार्थी यांनी सभेसमोर स्वतःचे कोणतेही म्हणणे मांडल्याचे दिसून येत नाही. सुनावणीच्या वेळी त्यांनी केलेले कथन पश्चातबुद्धीचे आहे. सबब अपील फेटाळण्यात येत आहे.’

त्यांची प्रत त्यांच्या घरी पोचवून सही आणायला मी अंबादासला पाठवलं. खंदाऱ्यांचं घर माझ्या घरापासून तीन गल्ल्यांवर. तो दीड तासाने परत आला. म्हणाला, खंदारे घरी नव्हते, टेकडीच्या चढावर सापडले. पेठेतल्या आपल्या नळाचं पाणी भरून हातगाडीवर हंडे वर नेत होते. गाडीच्या चाकाला दगड लावून त्यांनी पाकीट घेतलं, न फोडता खिशात घातलं आणि सही केली.

“काही बोलले?” मी विचारलं.

“तुमचंच विचारत होते,” अंबादास म्हणाला. “बाईंचा ताप उतरला का म्हणाले.”